हाकेमागे सुई नाही

बुधवार, १२ जून

प्रिय ताई,

नमस्कार. "इकडे सर्व ठीक, तिकडचे कळव" असं लिहायची हाताला इतकी सवय आहे की आधी तीच ओळ लिहिली आणि मग खोडली. वर खाडाखोड दिसेल. तुझ्यातली मास्तरीण लाल पेन शोधायला लागेल, पण या खेपेला सोडून दे.

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. घसा बसलाय असं समज. तुझा निरोप मात्र पुन्हा पुन्हा ऐकला. रविवारी आईला त्या म्हाताऱ्यांच्या घरात न्यायचं ठरलं, हे कळलं. मी 'नको' म्हणणार नाही. ती गॅस चालू ठेवून निघून जाते, रस्त्यावर सापडते, तुलाच "तुम्ही कोणाकडच्या?" म्हणून विचारते. हे सगळं तू एकटी निस्तरतेस आणि मी लांबून सल्ले देते. ते आता बंद. तुझी कंबर गेली, झोप गेली, तुला दुसरा मार्ग राहिलेला नाही, आणि माझ्याकडेही नाही.

गाडीचं नाव काढलं की ती अंगणातला बाक घट्ट धरून बसते, "हाक आली की जाईन" म्हणते, म्हणून तू तोडगा काढलास. माझा आवाज आईवर गेलाय, आणि आईचा आजीवर. तेव्हा मी फोनवर आपली घरातली हाक भरून पाठवायची, तू ती गाडीतून वाजवायचीस, आणि आजीच बोलावतेय असं वाटून आई उठून येईल. येईलही. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी इकडचं ऐक.

इकडे फार शांत आहे. मी डुकरांची डॉक्टर झाले तेव्हा तू नाक मुरडलं होतंस आणि आई म्हणाली होती, "निदान पेशंट उलटून बोलणार नाहीत." तिला काय माहीत! जेवणाच्या वेळेला आमच्या शेडमध्ये इतका कल्ला असायचा की दोन माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आता नळ ठिबकतो तेवढाच ऐकू येतो.

मी इथे आले तेव्हा गाभण माद्या लोखंडी पिंजऱ्यात उभ्या असायच्या. बसता यायचं, उठता यायचं, वळता यायचं नाही. समोरची सळई चावत दिवस काढायच्या. पिल्लं कंटाळून एकमेकांच्या शेपट्या चावायची, म्हणून जन्मल्याबरोबर शेपट्या कापून टाकायच्या. शेडमध्ये मुताचा वास असा की डोळ्यांतून पाणी यायचं. निम्मा कळप खोकायचा, आणि खोकला थांबावा म्हणून खाद्यात औषध ओतायचे. मी मालकांच्या मागे लागून भिंतीला खिडक्या पाडून घेतल्या. खाली पेंढा टाकला. मालक म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आज गादी घालताय, उद्या ही मंडळी उशी मागतील." पण डुकरं पेंढा चघळण्यात रमली, शेपट्या शाबूत राहिल्या, खोकला ओसरला, औषध आटलं. मग मालकच पाहुण्यांना शेड दाखवायला लागले. शेवटी पिंजरे निघाले. पहिल्या दिवशी माद्या उघड्या जागेत आल्या आणि नुसत्या वळून पाहत राहिल्या, पुन्हा पुन्हा, स्वतःभोवती. मी बादली धुवायचं नाटक करत रडून घेतलं.

राहिली होती काठी. डुकरं एका शेडमधून दुसऱ्यात न्यायची तर लंबू काठी घेऊनच यायचा. लंबू म्हणजे आमचा शेड सांभाळणारा. उंची भरपूर, जीभ त्याहून लांब. "बाई, या काय तुमच्या विद्यार्थिनी आहेत, या म्हटलं की यायला?" असं तो म्हणाला, तेव्हा मला आपलं अंगण आठवलं. मी मूठभर खाद्य घेऊन दारात उभी राहिले आणि हाक मारली. आईचीच. "बायांनो, चला गं आऽऽत!"

लंबू हसून हसून खाली बसला. पण थोड्याच दिवसांत बाया यायला लागल्या. सगळ्यांत पुढे सासूबाई. ती एक पोक्त मादी होती, दुसऱ्या कोणाला आधी खाऊ द्यायची नाही आणि पेंढा कोणी कसा पसरला यावर नाराज असायची, म्हणून लंबूने नाव ठेवलं होतं. ती कान हलवत निघाली की बाकीच्या तिच्या मागे. लंबूने काठी खिळ्याला टांगली आणि त्यावर टॉवेल वाळत घालायला लागला.

एक नियम मात्र मी घातला होता, आणि त्यात कोणाचं चालू दिलं नाही. हाक मारून सुई टोचायची नाही. लस असो, इंजेक्शन असो, सुईसाठी आपण त्यांच्याकडे जायचं. हाकेला त्या येतील, आणि हाकेमागे खाणं असेल, मोकळी जागा असेल, दुसरं काही नसेल. हेही आईचंच. आठवून बघ. तिने कधी आपल्याला हाक मारून आत घेतलं आणि मग मारलं का? धपाटा द्यायचा असला की ती स्वतः तरातरा अंगणात यायची. म्हणून तर हाक आली की आपण बिनघोर पळत सुटायचो.

ताई, गेल्या महिन्यात पलीकडच्या रस्त्यावरच्या फार्ममध्ये ताप आला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकराला झाला की औषध नाही. कान निळे पडतात आणि खेळ संपतो. हुकूम निघाला की आसपासची सगळी डुकरं मारायची, आजारी असोत वा नसोत. आमच्यात एकाचंही अंग गरम नव्हतं. मी रक्त तपासायला दिलं, ते स्वच्छ आलं. तो अहवाल घेऊन मी डुकरं मारायला आलेल्या सरकारी पथकाच्या साहेबांकडे गेले. पोरगेलासा माणूस, आवाज चढवत नव्हता. म्हणाला, "मॅडम, आज स्वच्छ आहे. उद्याची हमी तुम्ही देता का?" मी डॉक्टर आहे. मला देता येईना. मालकांनी कोणाकोणाला फोन लावले, मग बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले. मी हात टेकले.

शेजारच्या मालकाच्या शेडपासून सुरुवात झाली. पथकाच्या लोकांनी तिथली डुकरं काठ्यांनी हाकलली. घाबरून एकमेकांच्या अंगावर चढली, काहींचे पाय मोडले. तो आवाज मी सांगणार नाही. मग साहेब माझ्याकडे आले. "मॅडम, तुमची डुकरं हाकेला येतात म्हणे. तुम्ही बोलावलंत तर त्यांचे हाल वाचतील."

त्याचं खरं होतं गं. त्याला खोटं पाडता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी म्हटलं, सुई घेऊन आपण आत जाऊ, त्यांच्या जागी. तो म्हणाला, आत पेंढा आहे, गर्दी आहे, एक बिथरली की सगळ्या बिथरतील. तेही खरं होतं.

मी हाक मारली.

सासूबाई पहिली आली. कान हलवत, नेहमीसारखी. फाटकातून बाहेर पडली, माझ्यापाशी थांबली आणि मुठीत नाक घातलं. मूठ मी भरून ठेवली होती. तिने खाल्लं आणि पुढे गेली, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांकडे. तिच्या मागे बाकीच्या. एकही ओरडली नाही. साहेब जाताना म्हणाले, इतकं शांत काम आम्ही कुठेच पाहिलं नाही. लंबू खिळ्याकडे तोंड करून उभा होता.

मी दुसरं काय करायला हवं होतं, हे मला अजून सुचलेलं नाही. रोज शोधते.

तुझा निरोप आला तेव्हा मी मनातही 'नाही' म्हटलं नाही. काल दुपारी रिकाम्या शेडमध्ये गेले, फोन सुरू केला आणि हाक भरली. आवाज छान निघाला, अगदी आईचा. आणि बाहेर लंबू हातातलं काम टाकून सवयीने फाटक उघडायला धावत आला. मग मी ती भरलेली हाक पुसून टाकली.

ती हाक मी पाठवत नाही, ताई. शेड धुऊन, चुना मारून होईपर्यंत आम्हा कोणाला इथून हलायची परवानगी नाही, नाहीतर रविवारी मीच आले असते. आईला ने. न्यावंच लागेल, मला कळतंय. ती रडेल, बाक सोडणार नाही, शेजारी बघतील, आणि माझ्या हाकेने ते सगळं वाचलं असतं. तरी तिला बोलावू नकोस. तू अंगणात जा. तिच्या शेजारी बस, हात धर, हवा तितका वेळ लागू दे, आणि मग तिला उठव.

सुईसाठी आपण जायचं असतं.

तुझी,
धाकटी