आठ शेरांचं साल

सारंगखेडे, ता. २० ऑक्टोबर १९३५

चि. सौ. छबूस गिरधरदादाचे अनेक आशीर्वाद.

आईचा दमा वाढला आहे. रात्र बसून काढते, दिवसभर नदीकडे बघत राहते. डोळे मिटायच्या आत तुला पोटभर बघायचं म्हणते. ऐकून ऐकून मी थकलो.

आता तिचा पराक्रम ऐक. वाहरू नावाडी तापीपार जाऊन-येऊन फेरीला दीड शेर ज्वारी घेतो. दसऱ्याला सालाचे आठ शेर दिले, तर वर्षभर फेरीला अर्धाच शेर. मी पडलो मास्तर! फळ्यावर शिकवतो तसं तिला समजावलं: फेऱ्या क्ष धर. दीड क्ष जोवर आठ अधिक अर्ध्या क्षपेक्षा कमी, तोवर सुटी फेरी स्वस्त. म्हणजे आठाच्या वर फेऱ्या झाल्या तरच साल परवडतं. तू तर दिवाळी-आखाजी मिळून दोनदा येतेस. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आठ शेर मोजून दिले. वर मला म्हणाली, पोरनी सासूले इतलंच सांग, दाना दी टाकेल शेतस.

तिकडील मंडळींस नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

तुझा दादा, गिरधर

तापीपार, ता. ३ नोव्हेंबर १९३५

ती. दादांस छबूचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इथं माहेरचं नाव काढायची सोय नव्हती. म्हैस व्यालेली, कपाशी फुटलेली, आणि सासूबाईंचं एकच, नावेत दाणे कशाला घालायचे. विनवून मी दमले होते. मग आईनं सांगितलं तेवढंच, दाणे देऊन झालेत, एवढं त्यांच्या कानावर घातलं. नावाडी आठ शेर फुकट खाणार, या विचारानं त्यांना घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, दर पंधरवड्याला जाऊन येत जा, दिलेलं वसूल व्हायला नको का? दादा, तुम्हाला क्ष कळला, आईला विहीण कळली. सोमवारी येते.

माया आहेच, ती वाढावी.

आपली, छबू

तापीपार, ता. ४ ऑक्टोबर १९३६

ती. दादांस छबूचा नमस्कार. वि. वि.

आईला जाऊन नऊ महिने होत आले. पाचव्या फेरीला माझा हात धरूनच ती गेली. त्याहून जास्त मी काही मागत नव्हते. तेव्हापासून घाटाकडे पाऊल वळत नाही. सासूबाई आधी वसुलीचं बोलत, सुतकानंतर त्याही गप्प झाल्या. आठ फेऱ्या काही झाल्या नाहीत, गणित तुमचंच खरं ठरलं. यंदा दिवाळीला बोलावू नका. आई नाही तिथं कोणासाठी येऊ? फार थकले, दादा.

राग न धरता लोभ ठेवावा.

आपली, छबू

सारंगखेडे, ता. २६ ऑक्टोबर १९३६

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून शाळेत लक्ष लागत नाही. या घरात तुझी वाट बघणारा आता मी एकटाच उरलो. तूही आली नाहीस तर आई दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल. गेल्या सालात तीन शेर अंगावर बसले, ते मला फळ्याशिवायही कळतं.

तरी काल दसऱ्याला घाटावर गेलो आणि वाहरूला नव्या सालाचे आठ शेर मोजून दिले. सासूबाईंना एवढंच सांग, दाणे देऊन झालेत.

तुझी वाट बघणारा,
गिरधर