मराठी फक्त रविवारी

सोमवार, ३ नोव्हेंबर
रोग सापडला! फोटो स्टुडिओवाल्यांसाठी आम्ही जो फोटो साफ करायचा प्रोग्राम लिहितोय, तो रडतखडत का चालतो ते कळलं. प्रोसेसरला दोन प्रकारच्या सूचना जातात. जुन्या अरुंद, नव्या रुंद. एकीवरून दुसरीवर जाताना दर वेळी बिचारा हातातलं सांभाळत बसतो. काम थोडं, उठबस फार. उपाय सोपा: एका प्रकारच्या सूचना एकत्र लावायच्या, आणि प्रकार बदलण्याआधी पाटी कोरी करायची. सतराला डेमो. पुण्याची माझी लीड शमिका तोंडात बोट घालेल.

दुपारी. त्याहून मोठा शोध. तो प्रोसेसर मीच आहे! ऑफिसशी इंग्रजी. बायको ऋचा कानपूरची, तिच्याशी हिंदी. जाईला मराठी कळतं, पण बोलायची लाज, म्हणून लेकीशीही हिंदी. आणि मध्येच आई मराठीत. झाशीत प्रेम नगरच्या या घरात तिच्याशी मराठी बोलणारा मी एकटाच, त्यामुळे सगळा माल माझ्याच दारात. आज ऐन कोडिंगमध्ये येऊन विचारलं की तोंडल्याच्या काचऱ्या करू की रसभाजी. गाडी पुन्हा रुळावर यायला अर्धा तास गेला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आईला प्रेमाने समजावलं. मराठी फक्त रविवारी, पण दिवसभर, मनसोक्त. बाकी दिवस साठवून ठेवायचं. अगदीच अडलं तर हिंदीत, थोडक्यात. तिने विचारलं की काही दुखलंखुपलं तर? म्हटलं, तेही रविवारी, सविस्तर. बरं म्हणाली. किती समजूतदार! मला जरा चुटपुट लागली, पण आईला आठवड्यातला अख्खा दिवस देणारा मुलगा झाशीत दाखवा मला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
स्वर्गीय शांतता. चहा आपोआप टेबलावर येतो. आई फक्त म्हणते, बेटा, चाय रख दी है. काल माझ्या हाकेला तिने चक्क 'जी' म्हटलं. पोटच्या पोराला 'जी'! पण प्रोग्रामचा वेग दुप्पट झालाय, हे नाकारून कसं चालेल?

आईच्या अंगाला लवंगेचा वास येतो. मसाला चहा सुरू केलेला दिसतो. छान.

रविवार, ९ नोव्हेंबर
मराठीचा पहिला दिवस. पण कोड नेमका नाजूक वळणावर. मग सुचलं, आजचा आणि पुढचा असे दोन रविवार पुढच्या वेळी जोडून दिले तर उठबस आणखी कमी! आई गालावर हात ठेवून दोनदा दारात आली. दोन्ही वेळा मी बोट वर केलं: थांब. तिसऱ्यांदा आली नाही.

मेलं मन खातंच. संध्याकाळी सीपरी बाजारातून तिच्यासाठी तीळगुळाची गजक आणली, चांगली कडक, खुसखुशीत. तिने तोंडही लावलं नाही, सगळी जाईला दिली. आईचं काळीज!

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आईचा चेहरा भरलाय. विशेषतः डावीकडून. शांतता मानवली म्हणायची. खाते मात्र नुसता मऊ भात आणि दूध. या वयात हलकंच बरं. ऋचा सांगत होती की अम्मांना 'थोड़ा दर्द' आहे. थोडा म्हणजे थोडा. रविवारी विचारतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
शमिकाचा फोन. म्हणाली, वेग झकास, पण प्रत्येक फोटोवर काळ्या पट्ट्या, नवरदेव अर्धाच दिसतो. पाटी कोरी करायची ती हातातलं आधी जपून ठेवून. मी न ठेवताच पुसत होतो. मी म्हटलं, किरकोळ आहे. डेमोत जुना, संथ प्रोग्रामच दाखवायचा असं ठरलं. कस्टमरला एकदम धक्का नको, असा आपला माझा विचार.

शनिवार, १५ नोव्हेंबर
सकाळी जाई किंचाळली की आजीचं तोंड सुजलंय, अंग तापलंय. चक्क मराठीत किंचाळली. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? की आज शनिवार. शी! लाज वाटली पाहिजे मला.

ऑटोने इलाइट चौराह्यावर दातांच्या डॉक्टरकडे. त्याने विचारलं, अम्मा, कैसा दर्द है. ती म्हणाली, थोड़ा सा. मग माझ्याकडे वळून तिने हिंदीत विचारलं की मराठीत सांगितलं तर चालेल का. चारचौघांत. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. मी मान हलवली, आणि आई बोलायला लागली. दाढ ठणकते, ठणका कानापर्यंत जातो, पाठ टेकवत नाही, आवंढा गिळवत नाही. हिंदीत या सगळ्याला तिच्याकडे तो एकच शब्द होता. डॉक्टरने विचारलं, कब से. मी म्हणालो, कल से. आईने माझ्याकडे पाहिलं आणि मला खोटं पाडलं नाही.

पू काढला, दाढ काढली.

रविवार, १६ नोव्हेंबर
आज खराखुरा मराठीचा दिवस. लॅपटॉप बंद, फोन बंद, मी आईच्या खाटेशी. आणि डॉक्टरने तिला संध्याकाळपर्यंत बोलायला मनाई केलेली.

मग मीच बोललो. चुकलो म्हटलं. तिने माझ्या हातावर थोपटलं. आणि पुढे प्रोसेसरबद्दल सांगितलं. ऐकत होती बिचारी.

संध्याकाळी म्हटलं, आई, आता बोल. साठवलेलं सगळं बोल. तिने छताकडे बघत बराच वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाली, होतं रे बरंच काही, आता काही आठवत नाही.

थोड्या वेळाने तिने हिंदीत विचारलं, उद्या सोमवार, तर चहा टेबलावरच ठेवू ना?