बस ताइपिंगला थांबली तर

मलाका,
१३ जून १९८७

चि. नोरेहान हिस आजीचे सलाम व अ. उ. आ.

हे पत्र हॉटेलात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या चेगू रमलाह लिहितायत. पेन्शनीतल्या मास्तरीण. माझी वाक्यं आधी शाळेत घालतात, मग कागदावर सोडतात. एखादं वाक्य फारच सभ्य वाटलं, तर ते माझं नाही असं समज.

सहलीच्या बसमध्ये आपल्या कोटा भारूच्या बाजारातल्या निम्म्या बायका आहेत. गाइड जोहारी क्वालालंपूरचा, केसांना चोपून तेल आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की उतरायचं, वाजली की चढायचं. आपण कोंबड्यांना बोलावतो ते दाणे टाकायला. हा दुकानात नेऊन आमचेच दाणे काढून घेतो. किल्ला दाखवला दोन फोटो होईपर्यंत, आणि वेताच्या टोपल्यांच्या दुकानात बसवलं पाय दुखेपर्यंत. मी टोपलीचा भाव निम्म्यावर आणला, मग सगळ्याच जणी त्या भावाला अडून बसल्या. तेव्हापासून जोहारी माझ्याशी बोलताना दातांनी हसतो, डोळ्यांनी नाही. जेवणाचं विचारू नकोस. या पश्चिमेकडच्या लोकांना कालवण आणि खीर यांतला फरक कुणी शिकवलेला नाही. तू दिलेलं मासळीचं बुदू भाताला लावते आणि जगते.

आता मुद्द्याचं. शनिवारी, वीस तारखेला, बस ताइपिंगच्या तळ्याकाठी दुपारच्या जेवणाला थांबणार आहे. तुझा मुख्तारकाका त्या गावात राहतो, हे मला माहीतच नाही असं धर. मी त्याच्या दारात जाणार नाही. मी ठरवलेली सोयरीक त्याने मोडली, मुलीकडे पाठवलेली अंगठी-कापडं बुडवली, तिकडच्याच एकीशी निकाह लावला, आणि बाजारात तोंड दाखवायला मागे मी उरले. ईदला मुलाने घरी येऊन आईचे हात धरून माफी मागायची असते. नऊ ईदा झाल्या. यंदाचीही गेली. पण बस आपणहून थांबली, आणि कुणी माणूस आपणहून बायकामुलीला घेऊन तळ्यावर फिरायला आला, तर त्याला कोण काय करणार? तळं सरकारचं आहे. माझे गुडघे पुन्हा एवढा प्रवास करू देणार नाहीत. तुला हे का सांगते ते तुला कळतं. शाळेची फी उगाच नाही भरली.

माया कमी करू नकोस, कोंबड्यांवरची तर मुळीच नको.

तुझी आजी, मेक याम

-----

कोटा भारू,
१६ जून १९८७

ती. आजीस सलाम व सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या इपोहच्या हॉटेलावर पाठवतेय. कोंबड्या मजेत आहेत. तुझी बाजारातली जागा बाबा सांभाळतायत आणि बायका त्यांना फसवून नेतायत.

वाण्याच्या दुकानातून काकाला फोन केला. तळ्यावरची हवा शनिवारी दुपारी फार छान असते, इतकंच मी म्हणाले. त्याने विचारलं, आई अजून पान खाते का. मी म्हटलं, खाते आणि सगळ्यांच्या नावाने थुंकते. तो हसला गं, आजी. शेवटी म्हणाला की तो कुणाला भेटायला येणार नाही, मुलीला बदकं दाखवायला येणार आहे. हस्नाहकाकू आदल्या दिवसापासून मटणाचं रेंडांग शिजवणार आहे. बदकं मटण खातात हे मला नवीन. छोट्या आयनीने मध्येच फोन घेऊन विचारलं, आजी चावते का. मी खरं ते सांगितलं.

एका झाडाची दोन लाकडं तुम्ही! कृपा करून शनिवारी कुणाशी भांडू नकोस.

तुझी, आणि त्याचीही, लाडकी,
नोरेहान

-----

पिनांग,
२० जून १९८७

चि. नोरेहान हिस अ. उ. आ.

बस थांबली नाही.

सकाळी इपोहबाहेर पपनसांच्या टपऱ्यांपाशी हातपाय मोकळे करायला उतरवलं. बायका म्हणाल्या, मेक याम, तूच भाव कर. मी म्हटलं, आज नको, आज लवकर निघू. खरंच म्हटलं, मास्तरीणबाई साक्षीला आहेत. तेवढ्यात तो विकणारा म्हणाला की राहू द्या, पूर्व किनाऱ्याच्या आजींना आमची पपनसं परवडायची नाहीत. आता सांग, मी काय करायचं होतं? गप्प बसले असते तर बाजारात मला कुणी कोथिंबीर विकू दिली नसती. तो वर, मी खाली. तो खाली, मी आणखी खाली. माणूस रडकुंडीला आला तेव्हा सोडलं. बायकांनी पोती भरभरून बसच्या पोटात घातली, आणि जोहारीने घड्याळ बघून शिट्टी मारली. फार उशीर झाला, ताइपिंग रद्द, उजेड आहे तोवर पुलावर फोटो काढायचे, म्हणून सरळ पिनांग.

मी उठून सांगितलं, थांबव. तो म्हणाला, आजी, तळ्यात काय असतं, पाणीच ना. पिनांगला अख्खा समुद्र दाखवतो. माझा मुलगा तिथे उभा आहे, हे अगदी ओठावर आलं होतं. पण बसभर त्याच बायका, ज्यांच्यासमोर नऊ वर्षं मी म्हणत आले की मला मुलगा एकच. ते शब्द चुन्यासकट गिळले. गावाची छपरं आली, गेली.

पूल फार लांब आहे म्हणतात. सगळ्या उभं राहून ओरडत होत्या. मी पायांत गडगडणारं एक पपनस धरून बसले होते. मास्तरीणबाई म्हणतायत की हे वाक्य गाळू. गाळू नका.

जेवले नाही. तुझी माया असेल तर काही विचारू नकोस.

आजी

-----

कोटा भारू,
२१ जून १९८७

ती. आजीस सलाम. वि. वि.

तुझं पत्र अजून आलेलं नाही, पण काकाचा फोन आला. हे पत्र पिनांगच्या बसच्या ड्रायव्हरकडे, आपल्या देरामानमामाकडे, देतेय.

ते तिघं सूर्य कलेपर्यंत तळ्याकाठी बसले होते. प्रत्येक बस आली की आयनी धावत जायची. काका म्हणतो की आईने मुद्दाम केलं, खिडकीतून बघून तोंड फिरवलं असेल. मी म्हटलं, आजी असं करणार नाही. तो म्हणाला, तू तिला नऊ वर्षांपूर्वी पाहिलेलं नाहीस. काय झालं ते मला माहीत नाही, पण एवढं कळतं की बस आपणहून थांबेल, माणूस आपणहून येईल, हा खेळ तुम्हा दोघांना जमत नाही. तू एक हट्टी म्हातारी आहेस आणि मला तुझी लाज नाही, काळजी वाटते. त्याचं घर ताइपिंगच्या स्टेशनामागे, मशिदीच्या गल्लीत, हिरव्या खिडक्यांचं. बुधवारी बस तुला घेऊन घरी परतेल. मग कधी?

रागावलीस तरी आजीच राहा.

नोरेहान

-----

ताइपिंग,
२३ जून १९८७

चि. नोरेहान हिस अ. उ. आ.

अक्षर वेगळं दिसलं म्हणून दचकू नकोस. हे तुझी हस्नाहकाकू लिहितेय. मास्तरीणबाईंपेक्षा बरी, जे सांगेन तेच लिहिते, स्वतःबद्दलचंसुद्धा. तिचं रेंडांग गोड आहे, हे लिही म्हटलं, तर लिहिलं आणि खाली रेघ मारली.

तुझं पत्र वाचताना 'हट्टी म्हातारी' मास्तरीणबाई गाळणार होत्या, पण त्यांचा चेहरा बघून मी ओळखलं. आज सकाळी बस भरली तेव्हा सगळ्या बायकांसमोर जोहारीला सांगितलं की मी मुलाकडे चाललेय, धाकट्याकडे. जोहारीला शिट्टी सुचेना. घरी पोचल्यावर बायका बोलतील; बोलू देत, बाजार आहे. मास्तरीणबाई सोबत येते म्हणाल्या. मी म्हटलं, मला अक्षर येत नाही, तोंड येतं. बोटीने खाडी ओलांडली, पुढे साधी बस धरली. वाचता न येणारा हरवत नाही. विचारायला लाजतो तो हरवतो.

दार पुढचे दोन दात नसलेल्या एका मुलीने उघडलं. मी कोण ते सांगायच्या आत म्हणाली की बाबा आजीला आणायला पिनांगला गेलेत. पहाटेच निघाला, फटफटीवर, माझ्या हॉटेलात यायला; पत्ता तूच दिला असणार. मी बोटीतून लांबच्या पुलाकडे बघून म्हणत होते की एवढा खर्च कशाला केला. तेव्हा त्याच्यावरून हाच चालला असणार. काय म्हणावं, पोरी! नऊ वर्षं एकही जण हलला नाही, आणि हललो ते दोघंही एकाच सकाळी, उलट्या दिशांना. तिथून त्याचा शेजाऱ्यांकडे फोन आला. जोहारीने त्याला सांगितलं की तुमच्या आई सुटल्या आणि मीही सुटलो.

दुपारपासून बसलेय. आयनीने मी चावत नाही याची दोनदा खात्री करून घेतली. सूनबाई काही विचारत नाही, सारखी वाढते. तिला आधी का पाहिलं नाही, हे लिहू नकोस म्हटलं; लिहिलंच तिने.

खाली फटफटी थांबली. घर खांबांवरचं आहे, जिना लाकडी, पाऊल वाजायला हवं. वाजत नाही. उभाच आहे वाटतं. हस्नाह म्हणते, आई, हाक मारा. मी का मारू? त्याला घर माहीत आहे, त्याचंच आहे.

थांब. लेखणी ठेव. मला उठायला हात दे.

ता. क. ती. आईंनी इथवरच सांगितलं, पुढचं माझं. त्यांचे गुडघे चार पायऱ्यांच्या खाली चालले नाहीत आणि यांना त्या पायरीच्या वर येववलं नाही. दोघं जिन्यातच बसलीत. यांनी आईंचे हात धरलेत, आई मधूनमधून एक हात सोडवून यांच्या पाठीत धपाटे घालतायत. जेवण गार होतंय. उद्याची बस आईंना न घेताच जाईल, बाबांना सांग. तू मला पाहिलेलं नाहीस, तरी माझी माया आजपासून धर.

हस्नाहकाकू