गणपतीपायी उघडलेली गाडी

ब्रिस्टल, मंगळवार

तीर्थस्वरूप कमलाकरकाका,

तुम्हाला आणि वैजयंतीकाकूला नमस्कार. तुमच्या गुडघ्यांची चौकशी वेगळी. तुमच्या कुशने घेऊन दिलेली इलेक्ट्रिक गाडी इल्फर्डच्या घरी ड्राइव्हवेत रुळली असेल. ("चालू आहे की बंद, तेच कळत नाही" ही तुमची तक्रार काकूकडून कळली.)

तुमच्या एकोणनव्वद सालच्या जपानी सलून गाडीबद्दल लिहिते आहे. घराजवळ तिचा चुरा झालेला पाहवणार नाही म्हणून तुम्ही ती इथवर चालवत आणलीत आणि शनिवारी भंगारवाल्याच्या हवाली कर, असं सांगून ट्रेनने परत गेलात. मी तसंच करणार होते. पण शुक्रवारी सकाळी काकूचा फोन आला, "अगं वरदा, डॅशबोर्डवरचा गणपती काढलास ना? बाप्पाला कोणी भंगारात पाठवतं का!" मी दोरा, उलथणं, केसांचा ड्रायर, सगळं लावून पाहिलं. मूर्ती तुम्ही कशाने चिकटवली होतीत? (विमानाच्या पंखांचे सांधे आखणं हे माझं काम आहे, तरी विचारते आहे.) शेवटी सुट्टी टाकली आणि डॅशबोर्डच काढायला घेतला.

आणि काका, काय सांगू! दहा, बारा आणि चौदाचा, एवढ्या तीन पान्यांत सगळं सुटत गेलं. फ्यूजच्या झाकणात जादा फ्यूज, शिवाय ते उपसायला इवलासा चिमटा! वायरींचे जोड निरनिराळ्या आकारांचे, म्हणजे चुकीच्या जागी बसणारच नाहीत. आणि मागे हात जावा म्हणून प्रत्येक वायर वीतभर जास्त. आखणाऱ्याने दुरुस्त करणाऱ्याचा हात डोळ्यांसमोर ठेवला होता. (आमच्या ऑफिसच्या एका ड्रॉइंगमध्ये असा बोल्ट आहे, की तो घट्ट करायला माणसाला दोन कोपरं लागतील. तो मीच आखला आहे.) मग बॉनेट उघडलं, केवळ तुलनेसाठी. टायमिंग बेल्ट तुटला तरी झडपा पिस्टनवर आपटू नयेत एवढी जागा आत सोडलेली आहे! मालक बेल्ट बदलायला विसरणार, हे आधीच धरून, न रागावता.

शनिवारी भंगारवाला आला तेव्हा निम्मी गाडी गॅरेजभर लेबलं लावून मांडलेली होती. "आमचं काम तूच केलंस की, लव्ह!" म्हणत त्याने दार उचललं. "ठेवा ते खाली," मी म्हणाले, जरा मोठ्याने. तो दोन पावलं मागे सरला. मीही.

सध्या गणपती डॅशबोर्डसकट सोफ्यावर आहेत आणि मी जमिनीवर बसून जेवते. डॅशबोर्डमागे तिळगुळाचे सात दाणे आणि एक दुधाचा दात निघाला (बहुधा कुशचा, जपून ठेवला आहे).

या गाडीचा चुरा होऊ नये, असं माझं तांत्रिक मत आहे. भावनेचा प्रश्न नाही.

तुमची,
वरदा

ता. क. गाडीचं लॉगबुक माझ्या नावावर करून द्याल का? भंगारवाल्याला कायमचं नाही म्हणून कळवून झालं आहे.

आणखी ता. क. (रविवार) पत्र टाकायचं राहिलं, तोवर गाडी जोडून झाली. पहिल्या किल्लीला सुरू झाली! मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. एकच अडचण आहे. माझं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं, आणि ही हाताने गिअर बदलायची. तिच्या गिअरबॉक्सचे दाते मला पाठ आहेत, पण ती रस्त्यावर काढायची तर कायद्याने शेजारी कोणी जुना लायसन्सवाला बसायला हवा. महिनाभर राहायला याल का? स्टेशनवर घ्यायला मी येईन. बसने.