दारातली पिवळी जाकिटं

३ मार्च, मंगळवार

आजही उभे! दुकानाच्या दारात, फुटपाथच्या बरोबर मधोमध. पिवळी जाकिटं, गळ्यात ओळखपत्रं, हातात टॅब. कसल्याशा संस्थेसाठी देणग्या गोळा करतात. "एक मिनिट आहे का, ताई?" — नाही! अर्धंही नाही. रोज मीच दुकान उघडते, रोज मलाच विचारतात. कालचा नकार आज शिळा होतो की काय?

दुपारी एक गृहस्थ आत आले. चष्म्याच्या फ्रेमवर फ्रेम घालून बघतायत. बायकांच्यासुद्धा! मी खूश. आरसा पुढे केला, कौतुक केलं. मग हळूच मला विचारतात, "गेले का हो ते?"

पिवळ्यांना चुकवायला शिरले होते! ते जरा बाजूला झाले तशी स्वारी सटकली. जाताना "थँक्यू" मात्र म्हणाले.

ह्यांना सांगितलं. मागच्या खोलीत काच घासता घासता म्हणतात, "चांगलंच काम करतायत ना बिचारे." बिचारे! आत बसून बोलायला काय जातं.

५ मार्च, गुरुवार

आज हद्द झाली. नेहमीच्या एक काकू डोळे तपासायला आल्या होत्या. तपासणीसाठी डोळ्यांत औषध घातलेलं. म्हटलं, तासभर बसा. नाही ऐकलं, घर जवळच आहे म्हणाल्या. बाहेर पडल्या आणि दोन मिनिटांत काचेतून बघते तर काय — हसरी (त्यांच्यातली ती सतत दात दाखवणारी मुलगी) त्यांचं बोट धरून टॅबवर सही करून घेतेय!

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच धावले. "काकूंना आत्ता स्वतःचा हात धड दिसत नाहीये, आणि तुम्ही सही घेता?"

हसरी म्हणते, "त्या स्वतः हो म्हणाल्या, ताई."

काकू म्हणतात, "मला वाटलं, तुझ्याच दुकानातली आहे गं ही!"

त्यांचा म्होरक्या आला. मी त्याला कप्तान म्हणते, कारण तो स्वतः कुणाला अडवत नाही, नुसता लांबून बोटं दाखवतो. म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारख्या सुशिक्षित लोकांनी तरी..." पुढचं मी बोलूच दिलं नाही. ती सही रद्द होईस्तोवर तिथून हलले नाही. भर रस्त्यात माझा आवाज चढला होता. लोक बघत होते. बघू देत!

६ मार्च

नगरपालिकेत फोन केला. "परवानगी आहे त्यांच्याकडे. समाजकार्य आहे, मॅडम." म्हटलं, मग तुमच्या ऑफिसच्या दारात करू द्या ना! फोन ठेवला. त्याने.

९ मार्च, सोमवार

राग अजून उतरलेला नाही. अक्षर बघा कसं येतंय.

आज त्यांनी नवीन फलक आणला. माणसाएवढा उंच, थेट माझ्या शोकेसला टेकवून ठेवलेला. तो हलवा म्हणून सांगायला बाहेर गेले, समोरून बघितला — आणि तिथेच थिजले. फलकावर बाबा! माझे बाबा! दाढी वाढलेली, कॉलर एका बाजूला वळलेली, समोर सूपचा वाडगा, नजर कुठेतरी लांब. खाली मोठ्या अक्षरात: "यांच्या घरी येणारं कोणी नाही. तुम्ही याल?"

येणारं कोणी नाही? दर रविवारी शहराच्या या टोकापासून त्या टोकाला कोण जातं? रोज संध्याकाळी फोन कोण करतं? आई गेल्यावर "आमच्याकडे राहायला चला" म्हणून कानीकपाळी कोण ओरडलं? त्यांनाच यायचं नव्हतं! आयुष्यभर बस चालवली, आता मला कुणाच्या मागच्या सीटवर बसायचं नाही, म्हणाले. आणि हे लोक त्यांना अनाथ करून रस्त्यावर उभे करतात?

हसरी म्हणाली, "बघवत नाही ना, ताई?"

मी तो फलक उचलला आणि दुकानात आणून भिंतीकडे तोंड करून ठेवला. कप्तान आत आला, पोलिसांची भाषा करायला लागला. म्हटलं, बोलव! मलाही बोलायचंच आहे त्यांच्याशी. गुपचूप गेला.

ह्यांनी काच घासायचं मशीन बंद केलं, बाहेर आले, फलक वळवून बघितला. मग म्हणाले, "बाबांना आधी विचार."

काय विचारू? माणसाचा चोरून फोटो काढलाय!

१० मार्च

दादाला फलकाचा फोटो पाठवला. लगेच फोन. परगावी बसून आरडाओरडा! "आपली लाज काढली! नोटीस धाडतो त्यांना!" म्हटलं, बाबांशी बोललास का? "आधी हे निस्तरू गं, मग बोलू."

११ मार्च, बुधवार

फलक रिक्षात घालून संस्थेच्या ऑफिसात गेले. दोन खोल्या. एक चष्मेवाली बाई (चष्मा नाकावरून घसरत होता, नकळत हात पुढे जात होता माझा) शांतपणे सगळं ऐकत होती. मी काय काय बोलले! चोर म्हटलं, गिधाडं म्हटलं.

ती म्हणाली, "फोटो त्यांनी स्वतः काढू दिला. पुढचं तुम्ही त्यांनाच विचारा, ते सांगतील."

म्हणजे? बाबांची फसवणूक झालीय, नक्की. त्या काकूंसारखीच.

१२ मार्च, गुरुवार

दुकान ह्यांच्यावर सोडून बाबांकडे गेले. दार उघडल्या उघडल्या म्हणतात, "आज गुरुवार ना? काय झालं? जावईबापू बरे आहेत ना?"

फलकाचं सांगितलं. तर हसले! "चांगला आलाय ना? मी दाढी करून जाणार होतो. फोटोवाला म्हणाला, नको आजोबा, अशीच राहू द्या."

"बाबा! लोकांना वाटतंय तुम्हाला कोणी नाही!"

मग एकेक बाहेर पडलं. त्या संस्थेचं एक सभागृह आहे, एकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण देतात. बाबा तिथे रोज वाढायला जातात. रोज! मला हे ठाऊकच नाही. "तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, या वयात कशाला दगदग."

म्हणाले असते.

"पण मग फोटो तुमचा का?"

"अगं, तिथे जेवायला येतात त्यातलं कोणी तयार होईना. ज्याचं खरंच कोणी नाही ना, त्याला ते चव्हाट्यावर मांडलेलं सोसत नाही. एक बाई तर कॅमेरा बघून ताट तसंच टाकून उठली. मग म्हटलं, माझा काढा. मला काय! मुलगी आहे, मुलगा आहे. माझी कसली लाज जातेय?"

"पण हे खोटं आहे, बाबा."

"फोटो खोटा. ती ताट टाकून उठलेली बाई खरी आहे."

चहा पिऊन निघाले. बसमध्ये रडू आलं, आणि अभिमानही वाटला. पण राग गेलेला नाही. खोटं ते खोटंच! चांगल्या कामाला माझ्या बापाचा पडलेला चेहरा लागतो, आंधळ्या झालेल्या काकूंचं बोट लागतं? सरळ मागता येत नाही? आणि बाबांना नसेल वाटत लाज. मला वाटते. फलकासमोरून जाताना लोक चुकचुकतात, तेव्हा ते मला चुकचुकतात!

रात्री दादाला सांगितलं. म्हणाला, "म्हणजे आपले बाबा समाजसेवा करतात! मस्त!" नोटीस बारगळली.

१४ मार्च

फलक परत दारात. हसरीला सांगितलं, हे माझे वडील आहेत. पहिल्यांदाच तिचं हसू मावळलेलं पाहिलं.

१८ मार्च, बुधवार

बाबांना न सांगता सभागृहात गेले, वाढायला मदत करीन म्हणून. ते मला बघून गडबडले, मग सगळ्यांना ओळख करून देत सुटले — माझी मुलगी, माझी मुलगी! नंतर ताटं पुसताना स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "बरं वाटलं हो, त्यांना असं बोलताना बघून. पहिलं वर्षभर ते वाढायला नव्हते येत. जेवायलाच यायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी. कुणाशी एक शब्द नाही."

त्या बाईंना वाटलं, मला माहीत असणारच.