निळ्या विटांचा समुद्र

१६ ऑक्टोबर १९६४. सातारा.
अखेर समुद्र! सांगलीहून जावयांचा, नानासोंचा निरोप आला. ते आणि आमची विजया रत्नागिरीला निघालेत, तुम्हीही चला म्हणतात. उभी नोकरी सहावीच्या वर्गाला समुद्राची कविता शिकवली. लाट कशी उठते ते उजव्या हाताने करून दाखवायचो. एकदा इन्स्पेक्टर मागच्या बाकावर बसून डोलत होते. झोपले नव्हते, हे आजही सांगतो. प्रत्यक्ष समुद्र तेवढा पाहायचा राहिला.
संकल्प: सूर्यास्ताला किनाऱ्यावर उभं राहून सबंध कविता म्हणायची. हिला शेजारी उभी करायची. लग्न झालं त्या साली शब्द दिला होता. हिने ट्रंकेतलं इरकल लुगडं काढून उन्हात टाकलं.

१७ ऑक्टोबर. सांगली.
आवाज जपतोय. गळ्याला मफलर. झोपण्यापूर्वी मिठाच्या गुळण्या. नानासो म्हणाले, "मामा, उद्या जाताय तिथं मिठाचं पाणी फुकट हाय." हळदीच्या अडतीवर बसणाऱ्या माणसाकडून काव्याची अपेक्षा मी ठेवत नाही.

१८ ऑक्टोबर. रत्नागिरी.
आंबा घाटापासून पाऊस. एस.टी.चे पडदे खाली. एका वळणावर पडदे उचलून म्हणे सगळे "तो बघा, तो बघा" म्हणाले, तेव्हा माझा डोळा लागला होता. एका परीने बरंच झालं. पहिलं दर्शन एस.टी.च्या खिडकीतून नको.
लॉज बाजाराच्या मागे. अंथरुणावर पडल्या पडल्या गाज ऐकू येते. धीरगंभीर. ऐकला म्हणजे निम्मा पाहिलाच.

१९ ऑक्टोबर. सकाळ.
लॉजच्या मागे भाताची गिरणी आहे.

त्याच दिवशी, दुपार.
पाऊस थांबत नाही. विजया म्हणते, "आबा, छत्र्या घेऊन बघून येऊ की." मी सांगितलं, भिजलेला समुद्र मला बघायचा नाही. त्यावर ही म्हणाली, "आवं, त्यो कोरडा कवा असतोय?" नानासो इतके हसले की चहा सांडला. मी मफलर घट्ट केला. कवितेत आकाश निरभ्र आहे, त्याला मी काय करू?
गुडघा दुखतोय. ही खिडकीशी बसून आहे.

२० ऑक्टोबर. रात्री जेवणानंतर.
नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगायला नको.
दुपारी पावसाला कंटाळून सगळे वाचनालयाच्या हॉलमध्ये एक प्रदर्शन बघायला गेलो. दाऊद मेस्त्री म्हणून बोटीवरून रिटायर झालेले गृहस्थ आहेत. त्यांनी परदेशातून प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या विटा आणल्या आहेत. वर बटणं, खाली भोकं. एकीवर एक दाबली की टक्क करून बसते. त्यांचं त्यांनी स्टेशन केलंय, पूल केलाय. मधल्या मोठ्या टेबलावर दीपगृह, धक्का आणि निळ्या विटांचा समुद्र. कडेला पांढऱ्या विटांची लाट.
लाट सरळ होती. एका ओळीत, प्रार्थनेला मुलं उभी असतात तशी. माझ्यातला शिक्षक गप्प बसेना. म्हटलं, मेस्त्री, लाट अशी नसते. माणसं जमली. कोणीतरी विचारलं, "गुरुजी, तुम्ही किनाऱ्यावरचे काय?" मी म्हणालो, समुद्राशी माझा जुना संबंध आहे. खोटं नाही. मग लाट करून दाखवली. तोच हात, तीच लय. फक्त वर्गात माझ्या हातात छत्री नसायची.
दीपगृह गेलं. धक्का गेला. निम्मा समुद्र टेबलाखाली.
मेस्त्री म्हणाले, "राहू द्या गुरुजी, माझो मी लावतंय." मी ऐकलं नाही. ज्याने मोडलं त्याने जोडावं, वर्गातला नियम. म्हटलं, हे आत्ता उभं करतो. आणि मफलर काढून जमिनीवर बसलो.
तेवढ्यात हॉलमध्ये उजेड आला. पाऊस थांबला होता. माणसं चपला शोधत बाहेर पळाली. विजया म्हणाली, "आबा, ऊन पडलंय! उठा की!" मी म्हटलं, तुम्ही पुढं व्हा, आलोच. नानासो म्हणाले, "मामा, सूर्य थांबायचा न्हाई." ही दारात थांबली. इरकल नेसून आली होती.
"येताय न्हवं?" म्हणाली.
"हा मनोरा झाला की निघालोच," मी म्हणालो.
मग दाराकडे पाहिलं तर ती नव्हती.
विटा बोटांना टोचतात. मेस्त्रींनी दिवा लावला तेव्हा दीपगृह उभं होतं. थोडं कलतं. मेस्त्री भले गृहस्थ. म्हणाले, "बोटीवरून वादळात असोच दिसायचो."
बाहेर अंधार. समोरून तिघं परत येत होती. हिचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, पायाला वाळू, आणि विजयाच्या खांद्याला धरून हसत होती. हातात सरबताची बाटली, समुद्राच्या पाण्याने भरलेली. देवापुढं ठेवायला तीर्थ म्हणून.
विचारलं, कसा होता? म्हणाली, "लय पाणी." मग पायाची वाळू झटकत, "तुमची वाट बघितली. दिवस बुडेस्तवर."
संकल्प: उद्या पहाटे उठून एकट्याने जायचं आणि एस.टी. सुटायच्या आत परत यायचं.

२१ ऑक्टोबर. एस.टी.त.
उठवलं नाही कोणी.

२३ ऑक्टोबर. सातारा.
शेजारचे आप्पासाहेब आणि राहीबाई समुद्राची हकीकत ऐकायला आले. ही आत चहा करत होती. बाटली मधे स्टुलावर. राहीबाईंनी हात जोडले. आप्पासाहेबांनी विचारलं, "गुरुजी, रंग कसा हाय वो?" मी म्हणालो, निळा. अगदी एकसारखा. मग लाटेचं विचारलं. सांगून कळण्यासारखी गोष्ट नव्हे ती. उभा राहिलो, कवितेची पहिली ओळ घेतली, हात उचलला.
बाटली फुटली.
आप्पासाहेब पाय वर घेऊन बसले. ही आतून आली, काचा वेचल्या, फडकं घेतलं. एकाच फडक्यात सगळा समुद्र मावला. ती मोरीकडे निघाली तेव्हा मी म्हणालो, अगं, मोरीत नको पिळू.
तिने दारात थांबून विचारलं, "मग कुठं पिळू?"
कविता पाठ आहे. तिच्यात हे कुठंच नाही.