हात पाठीमागे

२१ ऑक्टोबर, मंगळवार

माझं नर्सिंगचं लायसन्स संपलं. माझं!!

सकाळीच शहरातून मेट्रनचा फोन. ब्रांका सकाळी कधी फोन करत नाही. "यासेन्का, कौन्सिलच्या साइटवर तुझ्या नावापुढे लाल खूण आहे. बघितलीस?" म्हटलं, दुसरी कुणी यासेन्का असेल. "दुसरी कुणी नाही, तूच. पिशवी खाली ठेव. आत्ताच्या आत्ता."

मी तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर, पिशवी खांद्याला. निम्मी घरं व्हायची होती.

व्याख्यानांना हजेरीचे गुण कमी पडले म्हणे. कसे पडतील? दर वर्षी शहरात व्याख्यानांना जाते, पहिल्या रांगेत बसते, सकाळी सही करते. — सकाळी. तिथेच माशी शिंकली. सही संध्याकाळीही करायची असते, शेवटचं व्याख्यान संपल्यावर. आणि आमची बोट सुटते दुपारी दोनला! या बेटावरची एकही बाई शहरातल्या लग्नात केक कापेपर्यंत थांबलेली नाही, मी व्याख्यानाला कुठली थांबणार? दर वेळी दीडला उठायचं, वाकून मागच्या दाराने बाहेर, आणि धक्क्यापर्यंत धावत सुटायचं. सही झाली म्हणजे काम झालं, असं समजून बसले होते.

ब्रांका म्हणाली, "आपलं लायसन्स आपण बघायचं असतं. साइट उघडायची, नाव टाकायचं, एवढंच. ते काम ना माझं, ना कौन्सिलचं." खरंय. खरंय म्हणूनच इतका राग येतोय. साऱ्या बेटाच्या औषधांच्या तारखा मला तोंडपाठ, आणि स्वतःच्या कागदाची तारीख ठाऊक नाही. दिव्याखाली अंधार!

२२ ऑक्टोबर, बुधवार

नवऱ्याला सांगितलं. मिरो जाळं सांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मग? माझ्याकडे तरी बोटीचं लायसन्स कुठे धड आहे?"

म्हटलं, "तुझ्या माशांनी तक्रार केल्याचं अजून ऐकलं नाही."

"अगं, पण इथे कोण बघतंय? समुद्र?"

मी बघतेय! एकोणीस वर्षं या बेटावर मी एकटी सिस्टर. पावसात, वाऱ्यात, कुणाचं घर चुकवलं नाही. लोक मला दार वाजवू देत नाहीत, दार उघडंच ठेवतात. ते कशाच्या जोरावर? सिस्टर करते ते नियमाने करते, म्हणून. एकदा चोरून सुई टोचली की पुढची प्रत्येक सुई चोरीची.

वीस नोव्हेंबरला झाग्रेबमध्ये परीक्षा आहे. पास झाले तर लायसन्स परत. नापास झाले तर — लिहीत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुकानात, बेकरीत, धक्क्यावर सगळ्यांना मीच सांगून टाकलं. "माझं लायसन्स संपलंय. चूक माझी. परीक्षा देऊन परत आणणार." कुजबुजीला जागाच ठेवली नाही. दुकानदारीण म्हणाली, "अगंबाई, मला वाटलं तुम्हाला काही दुखणं झालं! मग हरकत नाही." हरकत नाही म्हणे!

बदली सिस्टर आलीय. इनेस. दवाखान्यावरच्या खोलीत राहते, हात हलका आहे. वाईट म्हणावं असं तिच्यात काही सापडलं नाही. शोधलं मात्र बरंच.

तिला घरं दाखवली. योसोकाकांच्या घरी थोडा वेळ लागला. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन. हात थरथरतात, डोळ्यांवर पडदा, मुलगा ऑस्ट्रेलियात. "ही कोण?" म्हणाले. "ही टोचणार? आणि तू काय करणार?" म्हटलं, उभी राहणार. शर्ट वर करताना कुरकुरत होते.

डॉक्टरांनी फोनवर इनेसला बजावलं, घरातल्या कुणाला तरी शिकवून ठेवा, हिवाळ्यात बोटीचा भरवसा नाही. घरातलं कोण? काकांचं म्हणावं असं एकच माणूस उरलंय — अंगणापलीकडची पेरिना, धाकट्या भावाची, बेपोची, विधवा. आणि बेपोच्या अंत्ययात्रेपासून दोघांचं बोलणं बंद. ऑलिव्हच्या झाडांवरून भाऊ भांडले होते. बेपो गेला तरी योसोकाकांनी शवपेटीला खांदा दिला नाही, खिडकी लावून बसले. पेरिनाने ते विसरायला नकार दिला, आणि मला त्यात तिची चूक दिसत नाही. एकच अंगण, पाण्याची एकच टाकी. एक सकाळी पाणी काढतो, दुसरी संध्याकाळी.

१ नोव्हेंबर, शनिवार

सर्व संतांचा दिवस. शेवंती घेऊन सगळं गाव दफनभूमीत. योसोकाका उजाडता उजाडता जाऊन आले, पेरिना दुपारी गेली. दोघांची फुलं एकाच थडग्यावर, कारण थडगंही घरासारखंच सामाईक! मेल्यावर शेजारी झोपायची तयारी आहे, जिवंतपणी बोलायची नाही.

इनेस काकांना इन्सुलिन देऊन बोटीने गेली. तिच्याही बापाचं थडगं आहे. उद्या सकाळच्या बोटीने परत.

२ नोव्हेंबर, रविवार

रात्रीत बुरा सुटला, आमचा हिवाळी वारा. डोंगरावरून असा उतरलाय की धक्क्यावर उभं राहवत नाही. बोट बंद. फोनवर इनेस रडत होती. तिला म्हटलं, तू काय वाऱ्याला बांधून ठेवणार होतीस?

योसोकाकांकडे गेले. रिकाम्या हाताने.

"आलीस? टोच."

"नाही टोचणार, काका."

"एकोणीस वर्षं टोचतेस. आज सुई बोथट झाली?"

"सुई चांगली आहे. मला परवानगी नाही."

"मग शेजारीण म्हणून टोच!"

सकाळी निघताना मिरोही हेच म्हणाला होता. पण रस्त्यावरचं पोरसुद्धा मला सिस्टर म्हणतं. मी सुई धरली की ती सिस्टरनेच धरलेली असते. हे काकांना सांगितलं तर म्हणाले, "तुझा ताठा माझा जीव घेणार." बोलणं जिव्हारी लागलं. ताठा आहेच. पण माझ्या मनात दुसरंही काही होतं: घरातल्या कुणाला शिकवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

अंगण ओलांडून पेरिनाकडे गेले. "मी? त्या म्हाताऱ्याला? द्या सुई, डोळ्यात टोचते!" खुर्चीत बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिनेच विचारलं, "नाही टोचलं तर काय होईल?" तेही सांगितलं, काही न लपवता. ती उठली आणि मंदारिनांची, त्या छोट्या संत्र्यांची, टोपली पुढ्यात ठेवली. तोंडाने सांगत तिला मंदारिनावर टोचायला शिकवलं. पहिल्या मंदारिनाचा पार लगदा. पाचवं बरं जमलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं. "तिच्या हातून? त्यापेक्षा मला बुऱ्यात नेऊन उभा कर!" आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मला झोप नाही. सुई कपाटात आहे, हात माझे आहेत, आणि तो माणूस तहानेने पाण्यावर पाणी पितोय. उद्या वारा पडला नाही तर नियमाला लावते काडी आणि टोचते. मग लायसन्स कायमचं गेलं तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण टोचीन.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी साखर भलतीच चढलेली. काका कोपऱ्यात बसलेले, ओठ सुकलेले. मी कपाटाकडे निघाले. खरंच निघाले होते.

दार उघडलं. पेरिना! डोक्याला रुमाल, हातांना मंदारिनांचा वास. कुणाकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, कुठे टोचायचं ते सांगा."

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. पण शर्ट वर केला.

मी दाराशी उभी राहिले, हात पाठीमागे. "चिमटीत धर. सरळ. घाई नको. आता दाब. सुई लगेच काढू नको, दहा मोज." ती मोठ्याने मोजत होती. माझी बोटं पाठीमागे आपोआप दाबत होती, तिच्याबरोबर. तिचा हात एकदाही हलला नाही.

स्वतःच्या हाताचा मला नेहमीच गर्व. पण आज दुसरीच्या हाताकडे बघून ऊर जेवढा भरून आला, तेवढा कधी आला नव्हता. घरी येऊन मिरोसमोर रडले. तो घाबरला आणि सार्डिन तळायला लागला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वारा पडला, इनेस परत. योसोकाकांकडे निघाली तर पेरिनाने अंगणातच अडवलं. "मी इतकी मंदारिनं वाया घालवली ती काय उगाच?" इनेस बापडी माझ्याकडे बघते. म्हटलं, असू दे, डॉक्टरांनीच सांगितलंय ना.

बोलणं मात्र अजून माझ्यामार्फत! काका मला म्हणतात, "तिला सांग, हात गार आहेत." पेरिना मला म्हणते, "त्यांना सांगा, लाकडं फोडली तर शेकून येईन." दोघांमध्ये हातभर अंतर. म्हटलं, "मी सिस्टर आहे, पोस्टमन नाही!" हट्टी कुठले.

९ नोव्हेंबर, रविवार

अभ्यास. मिरो प्रश्न विचारतो, पुस्तक नाकाला लावून. जखमेच्या धड्याला आला आणि चित्र बघून उठूनच गेला. तीस वर्षं मासे चिरतोय हा माणूस!

११ नोव्हेंबर, मंगळवार

सेंट मार्टिनचा दिवस, नवी वाइन. पाद्रीबाबांनी पिंपाला आशीर्वाद दिला आणि पुढे म्हणाले, "आणि आपल्या सिस्टरच्या परीक्षेलाही." सगळ्यांनी पेले उचलले. कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "ती नापास झाली तर बेट नापास!" मी लाजले. या वयात!

२० नोव्हेंबर, गुरुवार. झाग्रेब

पास!!

परीक्षा घेणारी बाई माझी मुलगी शोभेल अशा वयाची, पण नीट विचारत होती, नीट ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बेटावर एकट्याच असता? कठीण आहे." म्हटलं, "कठीण वारा आहे. बाकी सगळं जमतं."

जाताना विचारलं, संध्याकाळची सही कुठे करायची? ती म्हणाली, परीक्षेला एकच सही असते. तरी दार बंद होईपर्यंत मी बसून राहिले.

१ डिसेंबर, सोमवार

रोज सकाळी कॉफीच्या आधी साइट उघडते. नाव टाकते, बघते, बंद करते. ही सवय आता मरेपर्यंत. आज उघडली — हिरवी खूण! यासेन्का, माझं नाव, पुढे तारीख. मिरो म्हणाला, "हिला चौकट करून लावू का, मदर मेरीशेजारी?" म्हटलं, थट्टा पुरे, इस्त्री तापव.

कोट इस्त्री केला. पिशवी लावली. उद्या सगळ्यात आधी योसोकाका! पेरिनाने छान सांभाळलं, पण आता बघू दे म्हाताऱ्याला खरा हात.

२ डिसेंबर, मंगळवार

सात वाजता पिशवी घेऊन काकांच्या दाराशी. दार नेहमीसारखं उघडं. आत पेरिना मोजत होती, आठ, नऊ, दहा. मग काकांचा आवाज आला. माझ्यामार्फत बोलायला मी आत नव्हतेच. ते तिलाच म्हणाले, "बस, पेरिना. बेपो गेला तेव्हा मी यायला हवं होतं." मी पायरीवरून मागच्या मागे उतरले आणि हळूच पुढच्या घरी गेले.